भाताच्या भांड्यात औषध

आमच्या गल्लीत काम-तोंगचा भात खायला यायचं तर माणसानं घाई घरी ठेवून यावी. मातीचं भांडं शेगडीवर चढलं की त्याला त्याचा वेळ लागतो, आणि काम-तोंगला त्याहून जास्त. भात फुलला की तो भांडं एका बाजूला कलतं करतो, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, म्हणजे कडेकडेनं सगळीकडे खरवड धरते. झाकणाच्या काठानं तेलाची बारीक धार सोडतो. वरच्या सॉसेजची चरबी काचेसारखी झाली की भांडं उतरवतो आणि काळा सोया सॉस गिऱ्हाइकाच्या पुढ्यात ओततो, चर्र आवाज त्याच्या कानावर पडावा म्हणून. कुणी मध्येच विचारलं, "झालं का हो काका?" तर म्हणतो, "कच्चा चालत असेल तर आत्ता देतो." फोशान शहरात भाताची दुकानं काही कमी नाहीत, पण लोक हे ऐकून घ्यायलाही इथेच येतात.

ही गोष्ट मात्र त्याच्याहून त्याच्या बायकोची जास्त आहे. लाय-क्युन तिचं नाव. गल्लीत तिला सगळे क्युनवहिनी म्हणतात. पुढे शेगड्यांपाशी नवरा उभा असतो, म्हणून बघणाऱ्याला वाटतं दुकान तो चालवतो. खरं दुकान चालतं मागच्या मोरीपाशी, जिथे ती भांडी सांभाळते.

लाय-क्युन तळ्यांच्या मुलखातली, जिथे बांधावर तुती आणि पाण्यात मासे. वयात येते न येते तोच ती शिवानला मडक्यांच्या भट्टीवर कामाला लागली. तिथे तिच्या हाती एक बांबूची काडी देण्यात आली. भट्टीतून निघालेलं प्रत्येक भांडं डाव्या तळव्यावर घ्यायचं, काडीनं टिचकी मारायची आणि ऐकायचं. खणखणीत वाजलं तर उजवीकडे, बद्द वाजलं तर डावीकडे. डोळ्याला न दिसणारी चीर कानाला सापडते. दिवसभर हेच काम. काम-तोंग तेव्हा काटकुळा, मोठ्या कानांचा, नुकताच स्वतःच्या शेगड्या मांडलेला पोरगा होता, आणि डावीकडची भांडी स्वस्तात मागायला आला होता.

"ह्यातली बरी बरी निवडून दे," तो म्हणाला.

"ह्यात बरी नाहीत. बरी पलीकडे आहेत."

"मला तर दिसायला सगळी सारखीच दिसतात."

"मग तुझ्याकडे जेवायला येणाऱ्यांची मला कीव येते."

तो मुकाट्यानं पलीकडची भांडी घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही आठवड्यात आला. भट्टीवरच्या बायका म्हणायला लागल्या, ह्या पोराकडे भांडी फुटतात तरी किती. अशी ती सोयरीक जमली.

लग्नानंतर तिची काडी सुटली पण कान सुटला नाही. नवं भांडं आणलं की ती आधी ते पाण्यात बुडवून ठेवते, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मग तांदळाच्या धुवणात मूठभर तांदूळ टाकून मंद आगीवर पेज शिजवते आणि ती पेज भांड्यातच निवू देते, म्हणजे मातीची बारीक छिद्रं बुजतात. भांड्याला बाहेरून तारेचं जाळं घालते. गरम भांडं ओल्या फरशीवर टेकवू देत नाही, त्याला गवताची चुंबळ लागते. साबणाचं तर नावच काढायचं नाही. मुलगी चिंग-यी लहान असताना तिनं आईला मदत म्हणून एकदा एक भांडं साबणानं घासून लखलखीत केलं होतं. लाय-क्युननं ते हुंगलं आणि त्यात कांद्याची पात लावली. "माती साबण पिते आणि गिऱ्हाइकाला पाजते," तिनं मुलीला सांगितलं. जुन्या भांड्यांचं तर आणखी नाजूक. त्यांची आतली झिलई केसासारखी तडकलेली असते, आणि त्या केसांमधून माती जे मिळेल ते आत ओढून घेते. हे सगळं जिला झोपेतही सांगता आलं असतं, तिनंच पुढे काय केलं ते आता ऐका.

हिवाळ्याच्या तोंडाशी काम-तोंगची विजार ढिली झाली. आधी त्यानं पट्ट्याला एक भोक पाडलं, मग आणखी एक. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट दिसायला लागला. गिऱ्हाइकं म्हणाली, काका, बायको जेवायला घालत नाही वाटतं. तो म्हणाला, तिला माझा भात आवडत नाही, म्हणून मलाही खाऊ देत नाही. शेवटी शेनचेनला नोकरी करणारी चिंग-यी आली आणि दोघींनी मिळून त्याला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी दोघींना आत बोलावलं आणि काम-तोंगला बाहेर बाकावर बसवलं. आमच्याकडे हीच रीत आहे. रोग काय आहे ते घरच्यांना सांगतात, आणि रोग्याला काय सांगायचं ते घरचे ठरवतात. डॉक्टर तरुण होता, टेबलाकडे बघून बोलत होता. यकृत. फार पसरलंय. कापून उपयोग नाही. लाय-क्युननं एकच विचारलं, किती. त्यानं सांगितलं आणि पुढचा माणूस आत आला.

कॉरिडॉरच्या वळणावर चिंग-यी थांबली. "आई, बाबांना सांगायचं नाही."

हे लाय-क्युनला कुणी सांगायची गरज नव्हती. तिच्या वडिलांना असंच काहीसं झालं होतं, आणि गावच्या दवाखान्यातल्या कुणा शहाण्यानं ते त्यांना तोंडावर सांगितलं होतं. चांगले हिंडतेफिरते होते. ऐकून घरी आले, भिंतीकडे तोंड करून निजले आणि पुन्हा काही वळले नाहीत. आजारानं अजून त्यांना धरलंही नव्हतं, भीतीनंच नेलं, असं ती आजही सांगते. त्या दिवसापासून तिचं एक पक्कं झालं होतं. माणसाला रोग मारतो की नाही ते नंतर बघू, कळणं नक्की मारतं.

बाकावर काम-तोंग वाफवलेला पाव खात बसला होता. "काय म्हणाला?"

"पित्ताशयाला सूज आहे. तेलकट कमी कर. काढा घे."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग इतका वेळ आत काय चाललं होतं?"

"डॉक्टर तोतरा आहे," लाय-क्युन म्हणाली.

तो हसला. पावाचा अर्धा तुकडा त्यानं तिच्यापुढे धरला आणि तिनं तो खाल्ला.

शेजारच्या गल्लीतल्या यिक वैद्यांना तिनं खरं सांगितलं. ते म्हणाले, बरं करण्याचं माझ्या हातात नाही, पण दुखणं जरा हलकं होईल, भूक टिकेल. त्यांनी सालींचे, मुळ्यांचे, वाळलेल्या गवतांचे पुडे बांधून दिले. रोज एक पुडा, तीन वाट्या पाणी आटवून एक वाटी. लोखंडात नाही, ॲल्युमिनियमात नाही, मातीतच. आणि इथेच तिचं घोडं अडलं.

मातीच्या भांड्यांनी भरलेल्या घरात औषध उकळायचं भांडं नव्हतं. होतं, पण ते समोरच्या बाक-लानकडे होतं. बाक-लानची सासू आजारी होती तेव्हा तिनं ते मागून नेलं होतं. सासू गेली, त्यालाही बरेच दिवस झाले. पण औषधाचं भांडं नेणाऱ्यानं परत आणून द्यायचं नसतं. आणून दिलं म्हणजे त्या घरात दुखणं आणून ठेवलं. ज्याचं असेल त्यानं, गरज पडेल तेव्हा, स्वतः जाऊन घेऊन यायचं. त्यामुळे आमच्याकडे एखाद्याचं औषधाचं भांडं वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या माळ्यावर पडलेलं असतं, आणि त्याबद्दल कुणी कुरकुरत नाही. ते तिकडे धूळ खातंय म्हणजे आपल्या घरी सगळं ठीक आहे.

आता ते आणायचं म्हणजे बाक-लानच्या दारात जाऊन उभं राहायचं. बाक-लान मनानं वाईट नाही. गल्लीत कुणाच्या घरी बाळंतपण असो की मयत, सगळ्यांच्या आधी ती पोचते. पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. सकाळी भांडं आणलं तर दुपारी भाजीवाला विचारणार, वहिनी, कोण आजारी आहे हो? आणि संध्याकाळी तेच कुणीतरी शेगडीपाशी काम-तोंगला विचारणार.

तरी ती एकदा गेली. बाक-लान दारात बसून वाळवलेल्या माशांची डोकी मोडत होती.

"ये गं क्युन. बस. तोंग कसा आहे? वाळलाय फार."

"पित्ताशय. तेलकट बंद केलंय."

"भाताच्या दुकानात तेलकट बंद. म्हणजे कसायाला मटण बंद." बाक-लान स्वतःच हसली. मग तिनं वर माळ्याकडे मान केली. "तुझं ते काळं भांडं अजून आमच्याकडेच आहे, बघ. परवा साफसफाई करताना हाताला लागलं. मी आपलं पुसून परत ठेवलं. म्हटलं, पडू दे बाई इथेच. क्युनला ते न्यायला यावं लागू नये."

लाय-क्युनच्या जिभेवर आलेलं सगळं मागे गेलं. "हो, राहू दे," ती म्हणाली. "मी आले होते ते तुझ्याकडे बडीशेप आहे का बघायला."

बाक-लाननं तिला बडीशेप दिली. ती मुठीत धरून लाय-क्युन घरी आली आणि मोरीपाशी उभी राहून रडली. मोरीतला नळ सोडून रडली, कारण पुढे काम-तोंग शेगड्या पेटवत होता.

नवं भांडं घ्यावं, हेही तिच्या मनात आलं. पण घरातलं एकूण एक भांडं काम-तोंगच्या हाताखालचं. नवं दिसलं की तो उचलून बघणार, हे कशाला म्हणून विचारणार, आणि औषधाचं भांडं भाताच्या भांड्यापेक्षा वेगळं असतं, त्याला चोचीसारखं तोंड असतं, हे तर लहान पोरालाही कळतं. लपवायला घरात जागा किती? दुकान, मोरी आणि वर झोपायची खोली. म्हणून तिनं फळीवरचं सगळ्यात लहान, सगळ्यात जुनं भाताचं भांडं घेतलं. तळाशी जरा काळवंडलेलं, आतली झिलई तडकलेली. ते गिऱ्हाइकाला आता क्वचितच जायचं.

दुपारी जेवणाची गर्दी ओसरली की काम-तोंग वर जाऊन पडायचा. तेवढ्या वेळात ती मागच्या दारापाशी शेगडी ठेवून औषध आटवायची, थर्मासमध्ये ओतायची आणि कोपऱ्यावरच्या काढ्याच्या दुकानातून आणलंय म्हणून त्याला द्यायची. आमच्याकडे काढा कोण पीत नाही? घसा खवखवला की काढा, तोंड आलं की काढा. कडू तर सगळेच असतात. तो नाक धरून प्यायचा आणि म्हणायचा, "कोपऱ्यावरचा म्हातारा दिवसेंदिवस कडू करायला लागलाय." चोथा लोक रस्त्यावर टाकतात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांनी दुखणं निघून जावं म्हणून. तिला तेही करता येत नव्हतं. ती चोथा वर्तमानपत्रात गुंडाळून भाजीबाजारातल्या कचऱ्यात टाकून यायची.

मग भांडं घासायची. मिठानं घासायची, चहाच्या चोथ्यानं घासायची, पेज उकळायची, उन्हात पालथं घालायची, आणि तो उतरून यायच्या आत फळीवर ठेवायची. आत नाक घालून हुंगायची. तिला वास यायचा. मग स्वतःची समजूत घालायची की वास हातांना येतोय. माती काय करते ते तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण माणूस अडला की आपल्याला ठाऊक असलेलंही विसरायला शिकतो. ती विसरली.

रोज संध्याकाळी चिंग-यीचा फोन यायचा. लाय-क्युन तो घेऊन मागच्या दाराबाहेर जायची आणि हलक्या आवाजात बोलायची. काय खाल्लं, किती खाल्लं, पाय सुजलेत का. परत आली की काम-तोंग विचारायचा, "काय म्हणते पोरगी?" आणि ती म्हणायची, "पगारवाढ झाली नाही म्हणून रडते." गरीब पोरीची पगारवाढ त्या हिवाळ्यात कितीदा हुकली असेल कोण जाणे.

एका थंडीच्या संध्याकाळी गर्दी फार झाली. कडाक्याची थंडी पडली की आमच्याकडे सगळ्यांना मातीच्या भांड्यातला भात आठवतो. फळीवरची भांडी संपत आली तसं काम-तोंगनं हात लांब करून ते लहान भांडंही ओढलं आणि शेगडीवर चढवलं. लाय-क्युन मोरीतून आली तेव्हा त्यात तांदूळ पडले होते, पाणी पडलं होतं, झाकण बसलं होतं. आता काही बोलणं म्हणजे सगळंच बोलणं. तिचे हात ओले होते ते तिनं पुसलेही नाहीत. ते भांडं कुणापुढे जातंय हे ती डोळ्यात तेल घालून बघत राहिली.

कुणापुढेच गेलं नाही. ज्या माणसासाठी लावलं होतं तो कंटाळून निघून गेला. काम-तोंग म्हणाला, "बरं झालं, आज हा माझा." दुकान आवरताना तो नेहमी उरलेला भात खातो, त्यातही आधी खरवड. त्यानं स्टूल ओढलं, पळीनं तळ खरडला आणि एक तुकडा तोंडात टाकला.

लाय-क्युन समोरच उभी होती. तो चावत होता आणि मध्येच थांबला. जबडा थांबला, नजर भांड्यावर थांबली. मग पुन्हा चावायला लागला.

"कसा झालाय?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"चांगला झालाय," काम-तोंग म्हणाला. "खरवड मस्त धरलीय." आणि त्यानं तळ साफ केला.

तिला आधी सुटल्यासारखं वाटलं. त्याला कळलं नाही. मग वर जाऊन अंथरूण घालता घालता तिचे हात थांबले. त्याला कळलं नाही म्हणजे काय? हा माणूस सोया सॉसची बाटली बदलली तर वासावरून सांगायचा. तांदूळ जुने की नवे, ते चावून नाही, नुसते ओठांना लावून सांगायचा. त्याला आज खरवडीत औषध लागलं नाही. रोगानं त्याची जीभ नेली, एवढाच अर्थ तिला सुचला, आणि तो अर्थ तिला डॉक्टरच्या बोलण्याहून जास्त लागला. यकृत काय, ते कधी कुणाला दिसत नाही. जीभ म्हणजे तोच होता.

त्यानंतर एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. काम-तोंग रोज त्याच लहान भांड्यात स्वतःचा भात लावू लागला. दुसऱ्या कुणाला ते भांडं देईना. एकदा गर्दीत तिनंच ते दुसरीकडे सरकवलं तर म्हणाला, "ए म्हातारे, ते माझं आहे. त्याला हात लावू नकोस."

"त्यात काय एवढं सोनं लागलंय?"

"म्हाताऱ्या माणसाला म्हातारं भांडं. भात लवकर होतो."

तो खायचा आणि दर वेळी चांगला झालाय म्हणायचा. ती समोर बसून बघायची. तिला वाटायचं, चव गेलेला स्वयंपाकी आपल्यापासून ते लपवतोय, बिचारा, म्हणून रोज चांगला चांगला म्हणतोय. तिनं त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. उलट एकदोनदा त्याला बरं वाटावं म्हणून त्याच्या भांड्यातला घास उचलून खाल्ला. कडसर, सालीची, मातकट चव जिभेच्या मुळाशी जाऊन बसली. "खरंच चांगला झालाय," ती म्हणाली. दोघं एकमेकांकडे न बघता जेवले. तिचंही वजन आता उतरलं होतं. बाक-लान म्हणालीच, तुमच्या घरात पित्ताशयाची साथ आलीय की काय.

थंडी मोडली त्या सुमारास त्याला भरलेली भांडी उचलवेनाशी झाली. एक शेगडीवरून उतरवताना हातातून सुटलं आणि फरशीवर त्याचे तुकडे झाले. गिऱ्हाईक म्हणालं, काका, असू दे, असू दे. काम-तोंग तुकडे गोळा करत राहिला. लाय-क्युननं झाडू आणला तर त्यानं तो तिच्या हातातून घेतला नाही, तिचा हातच धरून ठेवला थोडा वेळ. लोकांसमोर असं त्यानं उभ्या जन्मात केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाजारातून कांद्याची पात घेऊन परत येत होती. ऊन पडलं होतं, गल्ली भरलेली होती. न्हावी दारात खुर्ची मांडत होता, बायका गोधड्या वाळत घालत होत्या. आणि बाक-लानच्या दारातून काम-तोंग बाहेर पडला. त्याच्या दोन्ही हातांत ते काळं भांडं होतं, चोचीचं, वाकड्या मुठीचं. तो ते छातीशी धरून हळूहळू गल्लीच्या मधोमध चालत होता. न्हाव्याचा हात खुर्चीवर थबकला. गोधड्या झटकायचा आवाज बंद झाला. औषधाचं भांडं धनी स्वतः घेऊन चाललाय, ह्याचा अर्थ प्रत्येकाला कळत होता, आणि कुणाला काही विचारायची गरज उरली नव्हती. मागे दारात बाक-लान उभी होती. ती कोरडेच हात ॲप्रनला पुसत होती.

लाय-क्युन त्याच्या मागून घरी पोचली. तो मोरीपाशी स्टुलावर बसला होता. भांडं त्यानं पाण्याच्या बादलीत बुडवलं होतं आणि वर येणारे बुडबुडे बघत होता.

"भिजू दे," तो म्हणाला. "कधीचं कोरडं पडलंय. तसंच आगीवर ठेवलंस तर तडकायचं."

ती उभीच राहिली.

"मरायचं ते मरेन मी, म्हातारे. पण भाताच्या भांड्यात औषध? आणि तेही तू? पोरीनं साबण लावला होता तर तिला जेवू दिलं नव्हतंस."

"कधी कळलं?"

"खरवडीचा पहिला घास तोंडात टाकला तेव्हा. आधी वाटलं, सॉसेज खराब आहे. मग दुसरा घास घेतला. मग कळलं की हे त्या काढ्यातलंच आहे, आणि काढा कोपऱ्यावरचा नाही. मग बाकीचं कळायला काय लागतं? तू फोन घेऊन बाहेर जातेस. तुला वाटतं पोरीच्या पगाराचं मला खरं वाटत होतं?"

"मला वाटलं तुझी जीभ गेली."

हे मात्र त्याला लागलं. "जीभ गेली?" तो म्हणाला. "रोज तो कडू भात मी गिळला, गिऱ्हाइकाच्या पोटात जाऊ नये म्हणून, आणि तू म्हणतेस जीभ गेली?"

ती हसली की रडली ते तिलाही सांगता आलं नसतं. हातातली पात खाली पडली. "मग बोलला का नाहीस? इतके दिवस तू..."

"तू किती जपत होतीस. मीठ लावून घासायचीस, उन्हात घालायचीस, मग मी वरून खिडकीतून बघायचो सगळं. म्हटलं, हिला वाटतंय मला माहीत नाही. तेवढाच तिला आधार असेल तर राहू दे."

"मग आज का?"

तो बादलीकडे बघत राहिला. त्याचे हात गुडघ्यांवर होते, जुन्या भाजण्याच्या डागांनी भरलेले. काल भांडं फुटलं तेव्हा ह्याच हातांनी त्यानं तिचा हात धरून ठेवला होता. तिनं ते अशक्तपणा समजून सोडून दिलं होतं.

"मला भीती वाटते, क्युन," काम-तोंग म्हणाला. "दुपारी वर पडलेला असतो ना, तेव्हा फार वाटते. खाली तू औषध आटवत असतेस, वास येतो, आणि मी एकटाच वर असतो. हाक मारावीशी वाटते. पण हाक मारून काय सांगणार? तुझ्या हिशेबी मला काहीच झालेलं नाही."

कळल्यानं माणूस मरतो, एवढं एक धरून तिनं तो सगळा हिवाळा काढला होता. त्याला भीतीपासून वाचवायला म्हणून नळ सोडून रडली होती, पोरीच्या पगाराचं खोटं रचलं होतं, आपल्या हातानं आपली माती नासवली होती. आणि भीती तर त्याच्यापाशी पहिल्या घासापासूनच होती. तिच्या सगळ्या जपण्यानं झालं एवढंच, की ती त्याला कुणापाशी बोलता आली नाही. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचा फार राग आला.

पुढच्या दारात कुणीतरी आलं होतं. बाक-लानच असावी, हलक्या आवाजात हाक मारत होती, काही लागलं तर सांगा म्हणत होती. लाय-क्युननं ओ दिली नाही. तिनं दुसरं स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"आता सांग," काम-तोंग म्हणाला. "त्या डॉक्टरनं काय सांगितलं ते सगळं सांग. आणि तोतरा होता म्हणू नकोस."

तिनं त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि यकृतापासून सुरुवात करून सगळं सांगितलं, किती म्हणाला तेही सांगितलं, आवाज खाली न करता.